समदुःखी सोबत्याची सेवा



मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसे येतात: एक रोगी आणि दुसरा डॉक्टर. आज आपण एका तिसऱ्या माणसाचा विचार करणार आहोत. हा माणूस पूर्वी स्वतः आजारी होता. उपचार घेऊन तो सावरला, आणि आता त्याच आजाराने अडखळणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. इंग्रजीत त्याला ‘पीअर सपोर्टर’ म्हणतात. आपण त्याला समदुःखी सोबती म्हणू या. जगात कित्येक ठिकाणी आता हे रीतसर काम झाले आहे. त्यासाठी प्रशिक्षण असते, नियम असतात आणि काही देशांत पगारही मिळतो.

१. ही कल्पना आली कोठून?

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये बिसेत्र नावाचे मोठे इस्पितळ होते. तेथील मनोरुग्णांच्या विभागाची व्यवस्था झाँ-बाप्तिस्त प्युसँ पाहत असे. तो स्वतः त्याच इस्पितळात गंडमाळेचा रोगी म्हणून आला होता आणि बरा होऊन तेथेच कामाला लागला. मनोरुग्णांची देखभाल करण्यासाठी तो बऱ्या झालेल्या रोग्यांनाच नेमत असे, कारण ती माणसे मारहाण करीत नसत. १७९७ साली त्याने तेथील रुग्णांच्या साखळ्या काढल्या. पिनेल या प्रसिद्ध डॉक्टरांनी त्याच्याकडून पुष्कळ शिकून घेतले.

पुढे १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात दारूच्या व्यसनात सापडलेली दोन माणसे एकमेकांना भेटली आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची चळवळ सुरू झाली. एका व्यसनी माणसाने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलावे, एवढाच तिचा पाया होता. १९९९ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मानसिक आरोग्यसेवेतील अशा सोबत्यांच्या कामाला सरकारी आरोग्य योजनेतून पैसे मिळू लागले.

आपल्या महाराष्ट्रातही याचे चांगले उदाहरण आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पूर्वी तेथे रुग्ण म्हणून आलेले अनेक जण पुढे तेथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने दाखल झालेला माणूस त्यांच्याकडे पाहतो तेव्हा ‘मीही सुटू शकतो’ हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट चालतो. स्किझोफ्रेनिया या आजारासाठी पुण्यातच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांचे व नातेवाइकांचे स्वमदत गट चालवते. याच आजारावरचा ‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. गुजरातमध्ये २०१४ नंतर काही सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत सावरलेल्या रुग्णांना स्वयंसेवक म्हणून घेण्यात आले.

२. सोबत्याला काय ठाऊक असते?

डॉक्टरांना रोग ठाऊक असतो, औषध ठाऊक असते. परंतु गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला त्यांची थोडीच मिनिटे येतात. गोळीने तोंड कोरडे पडते, हात थरथरतात, सकाळी डोळा उघडत नाही. घरी परतल्यावर गल्लीतली पोरे मागून खुणा करतात. लग्नाच्या पंगतीत कोणी शेजारी बसत नाही. आणि बरे वाटू लागल्यावरही ‘पुन्हा तसेच झाले तर?’ ही भीती रात्री झोपू देत नाही. हे सगळे सोबत्याला अंगावरून गेलेले असल्यामुळे ठाऊक असते.

आपल्याकडे म्हणतात, ‘ज्याचे जळते त्याला कळते.’ ही म्हण खरी आहे, पण अर्धीच. सोबत्याचे काम नीट समजण्यासाठी तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनी असताना संत एडिथ स्टाइन यांनी १९१६ साली जर्मनीत सहानुभूतीच्या प्रश्नावरच प्रबंध सादर केला. त्याआधी १९१५ साली त्यांनी रेडक्रॉसच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून काम केले होते. त्यांच्या विचाराचा गाभा साध्या शब्दांत असा सांगता येईल: दुसऱ्याचे दुःख मला खरोखर जाणवते, तरीही ते दुःख त्याचेच राहते. ते माझे होत नाही. मी ते माझेच समजू लागलो, तर माझे लक्ष त्याच्यावरून उडून माझ्या जुन्या आठवणींत गुंतते.

म्हणजे ज्याचे जळते त्याला कळते हे खरे, पण ज्याचे पूर्वी जळले त्याला दुसऱ्याचे आपोआप कळतेच असे नाही. त्याला विचारावे लागते, ऐकावे लागते. स्वतःच्या अनुभवामुळे त्याला दुसऱ्याच्या घरात विश्वासाने प्रवेश मिळतो. आत गेल्यावर मात्र त्याने त्या घरातल्या माणसाकडे पाहायचे असते. म्हणूनच या सेवेला प्रशिक्षण लागते. नुसते मन कनवाळू असून भागत नाही.

३. या कामाची शिस्त

(अ) आधी ऐकावे. स्वतःची कथा थोडक्यात, आणि समोरच्याला उपयोग होईल तेवढीच सांगावी.

(आ) औषध सुरू करा, बंद करा, कमी करा असे कधीही सांगू नये. ‘मला ही गोळी लागू पडली, तूही घे’ हा सल्ला घातक ठरू शकतो. गोळीचा त्रास होत असेल तर रुग्णाबरोबर डॉक्टरांकडे जावे आणि त्याला तो त्रास नीट सांगायला मदत करावी.

(इ) ‘बाहेरचे आहे’, ‘कोणी केले आहे’ असे म्हणणाऱ्या घरात वाद घालू नये. प्रार्थना चालू ठेवा, पण दवाखानाही चुकवू नका, एवढे शांतपणे सांगावे.

(ई) ऐकलेले चारचौघांत बोलू नये. मात्र याला एक अपवाद आहे. जिवाला धोका दिसला तर ते गुपित ठेवायचे नाही. पापनिवेदनाची गुप्तता ही वेगळी गोष्ट आहे. सोबत्याला तशी गुप्तता लागू होत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात येत नाही. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, विश्वासातल्या नातेवाइकाला सांगावे आणि दवाखाना गाठावा.

(उ) स्वतःची झोप, स्वतःचे औषध आणि स्वतःची तपासणी सांभाळावी. थकवा आला तर थांबावे. थांबणे म्हणजे सेवा टाकून पळणे नव्हे.

एवढे करूनही सोबती डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या सोबतीने रुग्णाची आशा वाढते, धीर वाढतो, उपचाराची वाट सुटत नाही. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच ठेवावी.

४. आपल्या बीड जिल्ह्यात

आपल्याकडची अडचण पुण्यामुंबईपेक्षा वेगळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गाळप संपल्यावरच परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. एकजण आजारी पडला की दोघांचे काम अडते. खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा वेळी ज्या गोळीने झोप येते ती गोळी माणूस आधी बंद करतो. पहाटे फडात उतरायचे आणि रात्री गाडी भरायची, तर दुसरे काय करणार? काही आठवडे ठीक जातात, आणि मग परमुलखात, कोपीवर, आजार उलटतो.

अशा माणसाला ‘गोळी चुकवू नको’ एवढे सांगून उपयोग नाही. स्वतः टोळीबरोबर जाऊन आलेला आणि स्वतः गोळ्या घेणारा सोबती असेल, तर तो टोळी निघण्यापूर्वीच त्याला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जाईल. कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ बदलता येईल का, किती दिवसांचे औषध मिळेल, हे विचारील. केसपेपर कोपीवर जपून ठेवायला सांगेल, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवता येईल.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने प्रत्येकाला सरकारी मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते मोफत मिळावेत असे म्हटले आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. तेव्हा पोलीस केसच्या भीतीने अशा माणसाला घरात लपवू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, मराठीतही.

५. आपण काय करावे?

आपल्या धर्मग्रामातही आजारातून सावरलेली माणसे आहेत. त्यांपैकी बहुतेक जण ही गोष्ट झाकून ठेवतात, आणि त्याला कारणे आहेत. बहिणीचे लग्न मोडेल, मुकादम उचल देणार नाही, लोक पोरांना चिडवतील. म्हणून ‘पुढे या आणि सांगा’ असा आग्रह कोणीही कोणाला करू नये. आपले दुःख कोणापुढे उघडे करावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. सोबती होण्यासाठी व्यासपीठावर उभे राहण्याची गरज नाही. एका माणसाच्या ओट्यावर जाऊन बसले तरी सेवा होते.

बाकीच्यांचे काम त्याच्या आधीचे आहे. सावरलेला माणूस मिस्साला आला की त्याच्या शेजारी बसावे. जेवणात आणि कामात त्याला पूर्वीसारखे घ्यावे. भांडणात कोणालाही ‘वेडा’, ‘येरवड्याला धाडा’ असे म्हणू नये, कारण शेजारी कोण ऐकत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आणि एखाद्याने ही सेवा नियमित पत्करली, तर त्याचे एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी यांचा विचार आपण करावा. गरिबाने फुकट राबावे आणि आपण त्याला पुण्य म्हणावे, हे न्यायाचे नाही.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीवर मनाच्या आजाराविषयी कोणते शब्द वापरले जातात? त्यांतले कोणते सोडून द्यावेत?

२. टोळी निघण्यापूर्वी नियमित औषध घेणाऱ्यांना आपण कोणती मदत करू शकतो?

३. दुसऱ्याचे दुःख ऐकताना आपण स्वतःचीच कथा सांगू लागतो, असे का होते?

(चर्चेत कोणाच्याही घरातील आजाराचे नाव घेऊ नये.)