कप्लर उतरविताना

अमेरिकेतील एखादा जुना आगगाडीचा डबा संग्रहालयात न्यावयाचा असला, आणि तेथवर रूळ नसले, तर तो लांब ट्रेलरवर चढवून रस्त्याने न्यावा लागतो. अशा वेळी दोन्ही टोकांचे कप्लर, म्हणजे डबे परस्परांस जोडणारे पोलादी आकडे, पुष्कळदा आधी उतरवितात. ते डब्याबाहेर आलेले असतात, आणि वाटेतील वळणावर एकेक फूट मोलाचा असतो.

हे काम बळापेक्षा क्रमाचे आहे. प्रथम कप्लरला खालून जॅकचा किंवा वरून साखळीचा भक्कम आधार द्यावयाचा. मगच त्याच्या दांड्यातून आडवी गेलेली पोलादी पाचर ठोकून काढावयाची. आधाराआधी पाचर निघाली, तर शेकडो पौंडांचे ते धूड कामगाराच्या पायांवरच कोसळते. काढलेला भाग कोणत्या टोकाचा, हेही त्यावर लिहून ठेवावे.

विद्यार्थिमित्रांनो, हा कप्लर मुळात माणसाचे हात वाचविण्यासाठीच निर्माण झाला. पूर्वी तेथे डबे कडी व खीळ यांनी जोडीत. कामगार दोन डब्यांमध्ये उभा राहून कडी हाताने सावरी. त्यात कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. ईलाय जॅनी यांनी १८७३ साली अर्धवट मिटलेल्या मुठीसारख्या, धक्क्यासरशी आपोआप अडकणाऱ्या कप्लरचे पेटंट घेतले. पुढे १८९३ च्या कायद्याने आंतरराज्य रेल्वेंना आपोआप जुळणारे कप्लर सक्तीचे झाले.

ज्याने असंख्य हात राखले, तो कप्लर उतरविताना आपले हात राखणे, हाच त्याचा खरा मान होय.