लिफ्ट मालकाची, बिल भाडेकरूचं?

प्रश्न : चंडीगडला सेक्टर 17 मध्ये एका एससीओच्या (शॉप-कम-ऑफिस इमारतीच्या) दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. यंदा मेंटेनन्सच्या बिलात नव्या लिफ्टचा खर्चही आला. तो द्यायचा का?

उत्तर : आधी करार काढा. 'सामायिक खर्च' म्हणजे नेमकं काय, हे त्यात लिहिलंय का? जिन्याची सफाई, पंपाची वीज, रखवालदाराचा पगार, लिफ्टची वार्षिक देखभाल हा चालू खर्च. तो भाडेकरूंकडे येणं रास्त. अख्खी लिफ्ट बदलणं हा भांडवली खर्च. करारात स्पष्ट कबूल केलं नसेल, तर मुकाट्याने भरू नका, लेखी हरकत घ्या.

आता वाटणी, खरी मेख इथेच असते. समजा, इमारत 6,000 चौरस फुटांची आणि तुमचा मजला 1,500 चा, तर तुमचा वाटा 25 टक्के. पण 1,500 फूट रिकामे असतील आणि मालकाने फक्त भाड्याने गेलेल्या 4,500 फुटांवर भागाकार केला, तर तोच वाटा 33 टक्क्यांवर जातो. रिकाम्या मजल्याचा भार मालकानेच उचलावा, असं माझं ठाम मत. जनरेटरच्या डिझेलला तर वेगळं सब-मीटरच हवं.

मालक जीएसटीत नोंदलेले असतील, तर बिलावर साधारण 18 टक्के कर लागतो. त्यांचा नोंदणी क्रमांक बिलावर आहे ना, तेवढं बघा. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी वार्षिक वाढीला कमाल मर्यादा आणि मूळ पावत्या तपासण्याचा हक्क, ही दोन कलमं घालून घ्या. करार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर नोंदणी सक्तीची आहे.