कर्जबाजारी तरुणास आधार

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. हे लोण लवकरच नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर या भागांत पोचले. रोष माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खतावरील आकड्यामागे जाऊन मुळात दिले किती व फेडले किती, हे तपासण्याचे काम न्यायालयांकडे दिले.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जबाजारी तरुणानेही प्रथम हाच हिशेब मांडावा. जुने देणे भागविण्यासाठी नवे कर्ज काढण्यापूर्वी मांडावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारास मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. सावकारी विनापरवाना असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन, व्यवहार मागील १५ वर्षांतील असल्यास, चौकशीअंती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. खरेदीखत झाले, आता संपले, असे समजून अनेकजण घरीच बसतात, ते चूक होय.

बँक वा पतसंस्थेच्या थकबाकीसाठी लोकअदालतीत तडजोड करता येते. तेथे न्यायालयीन शुल्क नाही; मात्र निवाड्यावर अपीलही नाही. तेव्हा पेलतील तेवढेच हप्ते कबूल करावेत. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्या पात्र व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.