आरएनएला बांधणारी औषधे आणि प्रतिरोधाचा धडा

म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. भारतीय आंबवलेल्या पदार्थांतील लॅक्टिक आम्ल जिवाणूंमध्ये इरिथ्रोमायसिन व टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांना प्रतिरोध करणारी जनुके आढळली होती. रोग न करणाऱ्या जिवाणूंतील या जनुकांची दखल का घ्यावी, हे समजण्यासाठी ही औषधे नेमकी कोठे कार्य करतात ते पाहू.

लक्ष्य : आरएनए
बहुतेक औषधे प्रथिनांना बांधली जातात. काही प्रतिजैविके मात्र रायबोझोममधील आरएनएला बांधतात. आरएनएची साखळी दुमडून तिच्यात सूक्ष्म खोबणी तयार होतात. तेथे योग्य आकाराचा लहान रेणू बसला की जिवाणूची प्रथिननिर्मिती बिघडते. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन 16एस आरएनएवर, तर इरिथ्रोमायसिन 23एस आरएनएवर बसते.

प्रतिरोध कसा होतो?
‘ईआरएम-बी’ जनुकापासून बनणारे विकर 23एस आरएनएमधील एका अ‍ॅडेनिनला मिथाइल गट जोडते; त्यामुळे इरिथ्रोमायसिन तेथे नीट बसू शकत नाही. ‘टेट-एम’ जनुकाचे प्रथिन टेट्रासायक्लिनला रायबोझोमवरून दूर सारते. अशी जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात, प्रसंगी रोगकारक जिवाणूतही, जाऊ शकतात. निरुपद्रवी जिवाणूही म्हणूनच दुर्लक्षणीय नाहीत.

नवे रेणू
2015 मध्ये ‘रायबोसिल’ हा कृत्रिम रेणू प्रसिद्ध झाला. तो जिवाणूतील रायबोस्विच या आरएनएला बांधून रायबोफ्लेविनची निर्मिती थांबवतो. प्रतिरोधी जिवाणूंतील बदल याच रायबोस्विचमध्ये सापडले आणि त्यावरूनच त्याचे लक्ष्य ओळखता आले. 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘रिसडिप्लाम’ हे स्नायूंच्या आनुवंशिक आजारावरील औषध मानवी आरएनएच्या जुळणीवर कार्य करते.

शेतीसाठी बोध
महाराष्ट्रात डाळिंबावरील तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची फवारणी होत आली आहे. शेतीतील या वापरावर बंदी प्रस्तावित करणारा मसुदा आदेश केंद्र शासनाने डिसेंबर 2021 मध्ये काढला. नवा रेणू शोधण्यास अनेक वर्षे लागतात. अनावश्यक फवारणीने मात्र त्याची परिणामकारकता लवकर घटू शकते. म्हणून रोगमुक्त रोपे, रोगट फांद्यांची छाटणी, बागेची स्वच्छता व शिफारशीनुसार बोर्डो मिश्रण यांवर भर देणे हिताचे ठरेल.