काटा खाली आला, गाडी थंड झाली नव्हती

प्रीमियर पद्मिनीचा विषय निघाला की "तापते हो ती फार" हे वाक्य कोणीतरी टाकतंच. मला ही बदनामी मान्य नाही. हीच गाडी काळी-पिवळी होऊन मुंबईत कित्येक दशकं धावली. मे महिन्याच्या दुपारी, गाडीत भरगच्च माणसं आणि टपावर ट्रंका घेऊन. तापणं हा तिचा स्वभाव असता तर एकही टॅक्सीवाला तिच्या वाटेला गेला नसता. ऑक्टोबर 2023 मध्ये या टॅक्सीने निरोप घेतला तो 20 वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. तापते ती दुर्लक्षित पद्मिनी, आणि दुर्लक्ष बहुतेक वेळा मागच्या मालकाकडून गाडीबरोबर फुकट मिळतं.

माझी पद्मिनी ऐंशीच्या दशकातली, बोरिवलीहून मुलुंडला आणलेली. रंग नवा, बंपर चकचकीत, सीटकव्हर्स कोरी. विकणाऱ्याने बॉनेट उघडून इंजिनही पुसून दाखवलं. रेडिएटरचं झाकण उघडून दाखवायचं त्याला सुचलं नाही. गाडी घेतल्यावर उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलं आणि "पाण्याचं सगळं ओके आहे" हा शेराही मिळाला.

ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे, हे मी जाणून आहे. पण तिच्या 1089 सीसी इंजिनाचं घराणं ऐकलं की रसिक कान टवकारतात. फियाटचं याच मापाचं इंजिन 1937 पासूनचं, आणि त्यावरच तयार झालेली चिसितालिया 202 ही दोन आसनी गाडी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते एमजी, ट्रायम्फ, हेराल्ड बाळगणाऱ्यांनीही वाचावं. लोखंडी ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा हा संसार बहुतेक जुन्या गाड्यांत सारखाच. पद्मिनीत त्या लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड बसतं, आणि दुखणं तिथेच सुरू होतं. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. गाडी एकदा बेफाम तापली की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं.

माझ्या गाडीचं तेच झालं. लाल बहादूर शास्त्री मार्गावर, भांडुपच्या अलीकडे, मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेल्या रस्त्यावर संध्याकाळची रांग लागली होती. काटा हळूहळू वर चढला. मी बाजूला घ्यायला जागा शोधत होतो, तेवढ्यात तो आपणहून खाली आला, अगदी मधोमध. रांग हलली, बरं वाटलं. थोडं पुढे गेल्यावर इंजिनातून टकटक सुरू झाली, ॲक्सिलरेटर दाबूनही जोर येईना आणि गरम रंगाचा वास आला.

त्या काट्याबद्दल आधी सांगतो, कारण तो फसवतो हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. काटा हलवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. त्याला पाण्याचं तापमान कळतं, धातूचं नाही. पाणी वाहून गेलं की तो कोरडा पडतो आणि भोवतालची हवा-वाफ मोजत बसतो. माझ्या गाडीचा खालचा होस पाइप क्लिपपाशी चिरला होता, सगळं पाणी रस्त्यावर गेलं होतं आणि काटा मात्र सुखात होता. रांगेत उभं असताना, काहीही बदललेलं नसताना काटा एकाएकी खाली आला तर ती आनंदाची बातमी समजू नका. ताबडतोब इंजिन बंद करा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

हेड उघडल्यावर जे बाहेर आलं त्याने होस पाइपचा दोष लहान वाटायला लागला. पाइप तर जुना होताच. बाहेरून काळा कुळकुळीत, आतून मऊ पडलेला. पण ब्लॉकच्या मागच्या बाजूला, पंपापासून सर्वांत दूर असलेल्या सिलिंडरभोवती, तपकिरी गाळ गच्च बसला होता. मिस्त्रींनी बाजूचा कोअर प्लग काढला आणि तारेने खरवडून तो काढत राहिले. रेडिएटरच्या नळ्यांत, गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर. आणि थर्मोस्टॅटच्या जागी काहीच नाही.

पांढऱ्या थराचं उत्तर आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आहे. तानसा, वैतरणा, भातसाचं महापालिकेचं पाणी स्वयंपाकघरात येतं. फ्लशला आणि गाड्या धुवायला अनेक इमारतींत बोअरवेलचं. गाडी पुसणारा मुलगा इमाने इतबारे रेडिएटरमध्ये पाणी टाकतो ते त्याच नळाचं. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार तापल्यावर धातूवर चिकटतात, आणि पाणी कमी झालं की पुन्हा तेच पाणी, म्हणजे पुन्हा क्षार. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटरच वापरा आणि त्याचा एक कॅन डिकीत ठेवा.

"मुंबईत कुठे बर्फ पडतो, कुलंट कशाला?" हा प्रश्न मला अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत सगळ्या गॅरेजांत ऐकायला मिळाला. बर्फ पडत नाही हे खरं. पण कुलंटमधली रसायनं गंज रोखतात, आणि लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, शिसं हे चारही धातू एकाच पाण्यात नांदवायचे असतील तर त्यांची गरज असतेच. शिवाय निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्यावरसुद्धा 107-108 अंशांना उकळतं. उलट बाजूही आहे: उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस. म्हणून आपल्याकडे कुलंट दाट करण्यात अर्थ नाही; डब्यावर दिलेलं कमीत कमी प्रमाण ठेवावं, त्याहून पातळ मात्र करू नये, नाहीतर गंजरोधक पुरत नाही. रंग बघून घेऊ नका, डबा वाचा. नव्या गाड्यांची काही कुलंट जुन्या रेडिएटरच्या शिशाच्या झाळकामाला मानवत नाहीत. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालेल असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. आणि काढलेलं कुलंट कंपाउंडमध्ये ओतू नका. चवीला ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो काढून टाकणं ही आपल्याकडची इतकी रुळलेली रीत आहे की अनेक मालकांना गाडीत असा काही भाग असतो हेच माहीत नसतं. गाडी तापली, मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढला, काटा खाली आला, मालक खूश. प्रत्यक्षात रेडिएटर निम्मा बुजलेला आहे ही गोष्ट फक्त झाकली गेली. द्रुतगती मार्गावर वारा मिळतो तोवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल खराब करतं. कोंडीत वारा बंद झाला की बुजलेल्या रेडिएटरचं पितळ उघडं पडतं. माझ्या मते थर्मोस्टॅट काढून गाडी "बरी" करणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नये. तपासणं सोपं आहे: दोऱ्याने पाण्यात टांगायचा, शेजारी थर्मामीटर, गॅस चालू. अंगावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. पातेलं चहाचं घेऊ नका, घरात वाद होतात.

झाकणाकडे तर कोणी भाग म्हणून बघतच नाही. दर 1 पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. 7 पीएसआयचं झाकण धडधाकट असेल तर पाणी 110 अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं की हे सगळं गेलं. बदलताना मूळ आकड्याचंच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून हुशारी केली तर जुन्या टाकीचे जोड सुटतात.

उपनगरातली कोंडी या गाड्यांना महामार्गापेक्षा का जड जाते, तेही लक्षात घ्यावं. मूळ पंखा इंजिनाच्या गतीनेच फिरतो. गाडी उभी, इंजिन आयडलवर, म्हणजे पंखाही सुस्त आणि पंपही. रांगेत उभं असताना न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवला तर दोघांना गती मिळते, अर्थात आत पाणी भरलेलं असेल तरच. मारुती 800 चा इलेक्ट्रिक पंखा बसवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. ज्या गाड्यांत अजून डायनॅमो आहे त्यांना तो महागात पडतो, कारण आयडलवर डायनॅमो जेमतेम वीज देतो आणि नेमका तेव्हाच पंखा बॅटरी ओढतो. आधी अल्टरनेटर, मग पंख्याचा विचार. आणि मूळ रेडिएटर स्वच्छ असेल तर इलेक्ट्रिक पंख्याची गरजही सहसा पडत नाही.

पट्टा एकच, कामं तीन: पंखा, पाण्याचा पंप, चार्जिंग. म्हणून चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर "बॅटरीचं उद्या बघू" म्हणू नका; पट्टा तुटला असेल तर पंपही थांबलेला आहे.

एक गोंधळ मात्र दूर करायला हवा. बॉनेट उघडून आतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणारे जुने ड्रायव्हर आठवत असतील. ते दुखणं वेगळं, वेपर लॉकचं. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते. त्यात काटा ठीक असतो, गाडी खोकत बंद पडते आणि थोड्या वेळाने काही न करता सुरू होते. तिथे फडकं चालतं. पण उकळलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाईल. झाकणाला हात लावण्याआधी वरचा होस हातात धरवेल इतका निवू द्या. अर्धा तास लागो की जास्त. वाफेने भाजलेला चेहरा महिनोन्‌महिने निस्तरावा लागतो.

दुरुस्तीचं सांगायचं तर लेथवाल्याने हेड फेस करून दिलं. हे वारंवार करता येत नाही; दर वेळी धातू कमी होतो आणि कॉम्प्रेशन वाढतं. रेडिएटरच्या बाबतीत बाजारात तयार ॲल्युमिनियमचे मिळतात; मी मूळ पितळी टाक्या ठेवून मधला कोअर नवा टाकून घेतला आणि मला तेच पटतं. सुट्या भागांसाठी शेवटी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठावा लागला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, 1944 च्या कंपनीचा, कारखाना कुर्ल्यातच होता. गाडी बंद पडली त्याच शास्त्री मार्गालगत ती तयार झाली असणार. कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत; सुटे भाग मात्र भंगारवाल्यांकडे अजून निघतात. तिथून होस आणि पट्टा घेऊ नका. रबर पडून राहूनही म्हातारं होतं. ते नवंच घ्या, आणि काही वर्षांनी चांगलं दिसत असलं तरी बदला.

पाणी बदलताना निघालेलं पाणी मोजून ठेवा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा बरंच कमी निघालं तर उरलेल्या जागेत गाळ आहे असं समजा. ऑइलची काडी दुधाळ दिसली किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट गेलंय. मग गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका, टोइंग बोलवा.

आणि जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड गाडीचं झाकण स्वतः उघडा, बोट घाला. गढूळ लाल पाणी लागलं तर हेड, रेडिएटर आणि पंप यांचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढचं बोला. रंग आणि सीटकव्हर नंतर बघता येतात.