कोण आलं नाही?

फायर ड्रिलची शिट्टी झाली की सगळी हाऊसेस मैदानात फॉल-इन होतात. त्या वेळी 'किती आले' यापेक्षा 'कोण आलं नाही' हे कळणं जास्त महत्त्वाचं असतं. तो कॅडेट एमआय रूममध्ये असेल किंवा खरोखरच आत अडकला असेल. हाच प्रश्न जावा भाषेत सोडवून पाहू.

'कॅडेट' नावाचा क्लास करू. त्यात रोल नंबर, नाव आणि हाऊस असेल. शाळेत ६०० कॅडेट आहेत असं धरू. एका संग्रहात सगळे, दुसऱ्यात हजर असलेले. पहिल्यातून दुसरा वजा केला की गैरहजर उरतात. त्यासाठी 'रिमूव्हऑल' ही मेथड आहे. ती मूळ संग्रहातूनच नावं काढते, म्हणून आधी त्याची प्रत करावी.

आता संग्रह कोणता घ्यायचा? अ‍ॅरेलिस्ट म्हणजे रांग. त्यात एक नाव शोधायला पहिल्यापासून बघत जावं लागतं. प्रत्येकासाठी सरासरी ३०० तुलना धरल्या, तर ६०० जणांसाठी सुमारे १,८०,००० होतात. हॅशसेट मात्र रोल नंबरवरून एक आकडा काढतो आणि थेट त्याच कप्प्यात बघतो. त्यामुळे साधारण ६०० वेळा बघून काम होतं. शिवाय एकच कॅडेट त्यात दोनदा येत नाही. मात्र हॅशसेट क्रम राखत नाही. रोल नंबरच्या क्रमाने यादी हवी असेल तर ट्रीसेट घ्यावा आणि क्रम कसा लावायचा ते त्याला सांगावं.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. दोन ऑब्जेक्ट एकाच कॅडेटचे आहेत हे जावाला आपोआप कळत नाही. त्यासाठी क्लासमध्ये 'इक्वल्स' आणि 'हॅशकोड' या दोन्ही मेथड लिहाव्या लागतात. त्या नसतील आणि हजेरी घेताना नवे ऑब्जेक्ट तयार केले असतील, तर सगळेच्या सगळे ६०० गैरहजर दिसतील! या दोन्ही मेथड फक्त रोल नंबरवर आधाराव्यात. हाऊस बदलू शकतं. ते बदललं की आकडाही बदलेल आणि हॅशसेट त्याला चुकीच्या कप्प्यात शोधेल.

मित्रांनो, आता पुढची पायरी तुम्ही करून पाहा. हॅशमॅपमध्ये रोल नंबरसमोर डॉर्मिटरी आणि पलंगाचा क्रमांक ठेवा. गैरहजर कॅडेटचा नंबर मिळताच त्याला कुठे शोधायला जायचं, तेही लगेच कळेल.