‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

गुजरातच्या राजपिपला संस्थानचे मानवेंद्रसिंह गोहिल यांचं १९९१ साली लग्न झालं आणि थोड्याच काळात मोडलं. ते समलिंगी असल्याचं पुढे घरी कळलं, तेव्हा आईवडिलांनी डॉक्टर गाठले, धर्मगुरू गाठले. मेंदूची शस्त्रक्रिया, विजेचे झटके, सगळ्याची चौकशी झाली. हा आजार नाही, असं सांगून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नकार दिला, तरी धडपड थांबली नाही. मानवेंद्रसिंहांच्या पदरी नैराश्य तेवढं आलं. २००६ साली त्यांनी आपली ओळख जगजाहीर केली. आज ते अशा ‘उपचारां’वर बंदी मागतात.

त्यांच्या अनुभवातून पालकांनी पहिली गोष्ट घ्यावी ती लग्नाबद्दलची. ‘दोनाचे चार करा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला धुडकावून लावावा. त्यात मुलाबरोबर एका परक्या घरच्या मुलीचंही आयुष्य होरपळतं.

दुसरी, ‘शास्त्रीय पुरावा आहे’ या दाव्याला भुलू नये. समलिंगी व्यक्ती बदलू शकतात, असं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी २००३ साली २०० जणांच्या मुलाखतींवरून मांडलं होतं. त्या अभ्यासाचा आधार घेऊन कितीतरी मुलांना ‘बदलून देण्याचा’ दावा करणाऱ्या केंद्रांत धाडलं गेलं. लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं खरं मानण्यापलीकडे त्यात पुरावा नव्हता. २०१२ साली खुद्द स्पिट्झर यांनी चूक कबूल करून समलिंगी समाजाची माफी मागितली. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती.

कायदाही आता पाठीशी आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद वेंकटेश यांनी २०२१ साली अशा उपचारांना मनाई केली. त्यांच्याच आदेशानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे उपचार करणं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणून एखादा डॉक्टर ‘हमखास बदल’ कबूल करत असेल, तर त्याची चिठ्ठी, पावती, मेसेज जपून ठेवावेत आणि राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाबा-बुवा मारहाण करत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे; थेट पोलीस ठाणं गाठावं.

मूल खचलेलं असेल, तर मदत त्या खचण्यावर घ्यावी, त्याच्या ओळखीवर नव्हे. सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तो धास्तावलेल्या आईवडिलांनीही फिरवावा.